जुन्या गाडीचा रेडिओ बोलता करायचा असेल तर आधी गाडी तपासा

गाडीतला रेडिओ मुका झाला की लोकांचा हात आधी स्क्रू-ड्रायव्हरकडे जातो. डॅशबोर्डातून सेट ओढायचा, पिशवीत घालायचा आणि इथे नागपुरात बर्डीच्या बाजारात नेऊन कोणाच्या तरी टेबलावर ठेवायचा. मी आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा ट्रेड शिकवायची. निवृत्तीनंतर महाल भागातल्या घराच्या पुढच्या खोलीत हेच काम करते. पिशवीतून आलेले बरेच सेट माझ्या टेबलावर लावले की छान बोलतात, कारण बिघाड गाडीतच राहिलेला असतो. म्हणून माझा पहिला नियम असा: सेट जागेवर असताना जेवढं तपासता येईल तेवढं तपासून घ्यायचं. दुसरा नियम आयएफटीच्या, म्हणजे सेटमधल्या आयएफ ट्रान्सफॉर्मरच्या डब्यांतल्या, कोरबद्दल आहे, तो पुढे येईल. त्यावर मी जरा तिखट बोलते, आधीच सांगून ठेवते.

सेट कोणत्या पिढीचा?

हे कळल्याशिवाय एकही वायर जोडू नका. सगळ्यात जुने सेट व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांचे. चालू केल्यावर आतून घूं असा आवाज येतो आणि गाणं थोड्या वेळाने लागतं. तो आवाज व्हायब्रेटरचा. बॅटरीच्या डीसीचे तुकडे करून ट्रान्सफॉर्मरला द्यायचे आणि व्हॉल्व्हसाठी दोनशेच्या वर व्होल्ट तयार करायचे, हे त्याचं काम. गाडीची बॅटरी बारा व्होल्टचीच आहे म्हणून अशा सेटमध्ये बिनधास्त बोट घालणारे पाहिले आहेत. झटका घरच्या सॉकेटसारखाच बसतो. असा सेट वर्षानुवर्षं बंद असेल तर चालू करण्याआधी व्हायब्रेटरच्या ट्रान्सफॉर्मरवरचा बफर कंडेन्सर बदला, सोळाशे व्होल्टचा किंवा त्याहून जास्तीचा. तो शॉर्ट झाला तर ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि तसा ट्रान्सफॉर्मर आता कोणी गुंडाळून देत नाही. व्हॉल्व्हच्या सेटबद्दल एवढंच पुरे. आता ते फारसे येत नाहीत.

त्यानंतरचे काही सेट मिश्र असतात: पुढे बारा व्होल्टवर चालणारे व्हॉल्व्ह आणि शेवटी एक जाडजूड जर्मेनियम ट्रान्झिस्टर. मग पूर्ण जर्मेनियमचे आले. मग सिलिकॉनचे, ज्यांत बेल (भारत इलेक्ट्रॉनिक्स) कंपनीचे ट्रान्झिस्टर बीएफ १९४ आणि बीसी १४८ रांगेने बसलेले दिसतात. आणि मग टीबीए ८१० किंवा टीडीए २००३ अशी एकच आयसी आवाजाचं सगळं काम करू लागली. अँबॅसॅडर आणि पद्मिनीतून माझ्याकडे येतात ते जास्त करून जर्मेनियम आणि सिलिकॉनचे.

आता पोलॅरिटी. मॉरिससारख्या विलायती घडणीच्या जुन्या गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असे. पुढे कोणी डायनामो काढून अल्टरनेटर बसवला, त्या वेळी मायनस बॉडीला गेला, आणि रेडिओकडे कोणी पाहिलंच नाही. त्या काळच्या बऱ्याच सेटच्या मागे प्लस-मायनस लिहिलेला छोटा प्लग किंवा पट्टी असते, ती काढून उलटी लावता येते. ती कोणत्या बाजूला आहे ते पाहा, मग बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला आहे ते पाहा. दोन्ही जुळले तरच पुढे जा. असा पट्टीवाला सेट असेल तर आणखी एक गोष्ट: आतल्या सर्किटचा अर्थ, म्हणजे अर्थिंगचं टोक, आणि बाहेरची पत्र्याची पेटी या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. मीटरची काळी पिन पेटीला लावून मोजाल तर आकडे भलतेच येतील.

गाडीत बसून करायची कामं

सक्करदऱ्याचे एक गृहस्थ पद्मिनी घेऊन आले. "मॅडम, लाइट लागते, पण आवाजच येऊन नाही राहिला." सेट बंद असताना वायरवर मीटर बारा व्होल्टच्या वर दाखवत होतं. सेट चालू केला आणि तेच मीटर सातवर आलं. दोष फ्यूज-होल्डरमध्ये होता. वायरमध्येच लावलेली ती काळी प्लास्टिकची नळी असते ना, तिच्या आतली स्प्रिंग हिरवी पडली होती. डायलच्या बल्बाला सात व्होल्ट चालतात, सेटला चालत नाहीत. म्हणून व्होल्टेज नेहमी सेट चालू ठेवून मोजा. करंट वाहत नसेल तेव्हा सडलेला जोडही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. बॅटरीच्या टोकावर जेवढे व्होल्ट आहेत त्यापेक्षा सेटच्या वायरवर अर्धा व्होल्टही कमी नको. मायनस अर्थच्या गाडीत मीटरची एक पिन सेटच्या पेटीवर आणि दुसरी बॅटरीच्या मायनसवर ठेवा. सेट चालू असताना तिथे जवळजवळ शून्य हवं. नसेल तर सेटच्या मागची पट्टी आणि तिचा स्क्रू खरवडून पत्र्यापर्यंत साफ करा. वरून रंगवलेल्या पत्र्यावर कसलं आलंय अर्थिंग!

मग स्पीकर. चार ओहमचा स्पीकर मीटरवर साडेतीनच्या आसपास दाखवतो. मीटरची पिन टेकवताना कोनातून बारीक खट् आवाज आला पाहिजे. आवाज नाही पण ओहम बरोबर, तर कॉइल अडकली आहे. नागपुरात याचं एक ठरलेलं कारण म्हणजे कुंभारीण माशी. मागच्या शेल्फखालच्या स्पीकरच्या चौकटीत ती मातीचं घर बांधते आणि कोन जिथल्या तिथे थिजतो. ते घर ओलं करून काढू नका, कागदाचा कोन भिजतो. लाकडी काडीने कोरडंच फोडा. दोन स्पीकर जोडलेले असतील तर ते कसे जोडले तेही पाहा. चार ओहमचे दोन समांतर जोडले की दोन ओहम होतात आणि आउटपुटचा ट्रान्झिस्टर तापत राहतो. स्पीकर काढून सेट चालू करायचा नाही, एका मिनिटासाठीही नाही. ज्या सेटमध्ये आउटपुटला ट्रान्सफॉर्मर किंवा चोक आहे तिथे तेवढ्यानेही ट्रान्झिस्टर जातो.

एरियलवर जरा वेळ घालवा, कारण इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. प्लग काढा. एरियलच्या टोकापासून प्लगच्या मधल्या पिनपर्यंत मीटर शून्य ओहम दाखवेल. मधली पिन आणि बाहेरची कडी यांच्यात मीटर हलताही कामा नये. पावसाळ्यानंतर एरियलच्या बुडाशी पाणी बसतं आणि तिथे काहीशे किलोओहमची गळती होते. तेवढ्याने मध्यम लहरी अर्ध्यावर येतात.

वायर तुटली असेल तर दुकानदार टीव्हीची केबल बसवून देतो. ती बसवू नका. गाडीच्या एरियलची खरी केबल हातात घेऊन पाहा. पोकळ प्लास्टिकच्या नळीत केसासारखी बारीक तार सैल पडलेली असते. तिची कपॅसिटी मुद्दाम कमी ठेवलेली आहे, कारण ती सेटच्या पहिल्या ट्यूनिंग कॉइलचाच भाग आहे. टीव्हीची केबल लावली की ते गणित बिघडतं आणि सेट बहिरा होतो. मग मेकॅनिक सेट उघडून चांगल्या कॉइल फिरवतो आणि एका बिघाडाचे दोन होतात.

इंजिन बंद असताना आवाज स्वच्छ आणि इंजिन चालू केल्यावर खरखर, तर हा प्रश्न रेडिओचा नाही. एरियलचा प्लग काढा. खरखर थांबली तर ती एरियलमधून येत होती. चालूच राहिली तर सप्लायच्या वायरमधून. रेस वाढवल्यावर टक-टक जलद झाली तर ती स्पार्कची. कॉइलपासून डेल्कोच्या (डिस्ट्रिब्युटरच्या) मधल्या वायरला दहा किलोओहमचा सप्रेसर लावा, कॉइलच्या इग्निशन स्विचकडच्या टोकाला एक मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. पॉइंटकडच्या टोकाला मात्र कधीच नाही, नाहीतर पॉइंट जळतात आणि गाडी झटके देते. बारीक शिट्टी येत असेल आणि रेसबरोबर चढत असेल तर ती डायनामोची. त्याच्या मोठ्या वायरच्या टोकाला कंडेन्सर लावा, फील्डच्या टोकाला नाही. डिझेल अँबॅसॅडरवाले मला स्पार्कची खरखर सांगतात तेव्हा हसू येतं. डिझेल इंजिनात स्पार्कच नसतो, तिथे शोध डायनामोपासून सुरू करायचा. आणि सिगारेट लायटरमध्ये खोचलेला मोबाइलचा चार्जर आधी काढा. मध्यम लहरींवर त्याच्याएवढी खरखर दुसरं काही करत नाही. कोराडीच्या रस्त्याने हाय टेन्शन लाइनखालून जाताना आवाज बिघडला तर मात्र सेट काढू नका, पुढे चला.

आता टेबलावर

हे सगळं करूनही सेट गप्पच असेल तर काढा. टेबलावर सप्लाय १२ चा नको, १४ व्होल्टचा ठेवा, कारण चालत्या गाडीत तेवढा असतो. सप्लायच्या वायरमध्ये इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब सिरीजमध्ये घाला. बल्ब पूर्ण उजळला तर आत शॉर्ट आहे. आधी सप्लायला आडवा लावलेला डायोड तपासा. कोणी उलटी बॅटरी जोडली असेल तर तोच बळी जातो. मग मोठा फिल्टर कंडेन्सर, मग आउटपुट ट्रान्झिस्टरखालचा अभ्रकाचा पापुद्रा. बल्ब मंद लाल राहिला तर ठीक आहे. एकाच पॉवर ट्रान्झिस्टरचे जर्मेनियम सेट आवाज शून्यावर असतानाही पाऊण-एक अँपिअर खातात. ती त्यांची घडणच आहे, बिघाड नाही.

बल्ब काढा, व्हॉल्यूम पूर्ण करा आणि व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या टॅगला स्क्रू-ड्रायव्हरची पाती टेकवून तिच्या धातूला बोट लावा. स्पीकरमधून घर्र आलं तर तिथून पुढचं सगळं बरं आहे आणि बिघाड आधीच्या भागात आहे. आलं नाही तर आउटपुटकडून मागे सरकत या. माझ्या वर्गात मी हे पहिल्याच आठवड्यात करायला लावायची, कारण या एका टेकवण्याने अर्धा सेट शोधातून बाहेर पडतो.

घर्र येतं पण स्टेशन नाही, असं असेल तर ऑसिलेटर, म्हणजे सेटच्या आत स्वतःची लहर तयार करणारा भाग, चालतो का ते पाहा. त्यासाठी महागडं यंत्र नको. छोटा बॅटरीवरचा रेडिओ शेजारी ठेवा. गाडीच्या सेटचा काटा आकाशवाणी नागपूरवर, ५८५ किलोहर्ट्झवर, न्या. बहुतेक सेटचा आयएफ, म्हणजे आतली ठरलेली मधली फ्रिक्वेन्सी, ४५५ असतो. दोन्हींची बेरीज १०४०, ऑसिलेटर तिथे चालतो. छोट्या रेडिओवर १०४० च्या आसपास हळूहळू फिरवा. शिट्टी आली किंवा खरखर एकदम दबली तर ऑसिलेटर जिवंत आहे. गाडीच्या सेटचा काटा हलवला की शिट्टीही हलली पाहिजे.

ऑसिलेटर मेलेला असेल किंवा सेट मध्येच बोलतो, मध्येच गप्प होतो, टिचकी मारली की परत बोलतो, तर जर्मेनियम सेटमध्ये एएफ ११४ ते ११७ या मालिकेवर पहिला संशय घ्या. उंच डब्या, खाली चार पाय. चौथा पाय बाहेरच्या डबीचा, तो अर्थला जोडलेला. या डब्यांच्या आतल्या कथलाच्या मुलाम्यातून वर्षं गेली की केसांहून बारीक तारा उगवतात आणि आतल्या ट्रान्झिस्टरला जाऊन टेकतात. टिचकीने तार हलते, सेट बोलतो. थोड्या वेळाने पुन्हा टेकते. सप्लाय काढून डबीच्या पायापासून बाकीच्या तीन पायांपर्यंत मोजा, कुठेही जोड दिसता कामा नये. सर्किटमधून दुसरा रस्ता मीटरला फसवतो, म्हणून शंका असेल तर डबीचा पाय सुटा करून मोजा. जोड दिसला तर तो पाय कापून टाका, एवढाच उपाय. डबी अर्थवरून सुटली की शॉर्टही सुटतो. एकाच पायाला तार लागली असेल तर सेट लगेच उठतो. दोन पायांना लागली असेल तर ट्रान्झिस्टर बदलावा लागतो, आणि तेव्हा एएफ १२४ ते १२७ मालिकेतला घ्या, तिला हा रोग नाही.

नवतप्यातले बिघाड

सकाळी रेडिओ छान, दुपारी आवाज फाटका, संध्याकाळी परत छान. ही तक्रार मे महिन्यात येते आणि पावसाची पहिली सर पडली की बंद होते. जर्मेनियम ट्रान्झिस्टरची गळती तापमान दर दहा अंशांनी वाढलं की साधारण दुप्पट होते. सकाळी पंचवीस अंशांना जी गळती असते ती पासष्टला सोळापट होते. नागपुरात उन्हात उभ्या केलेल्या काळ्या डॅशबोर्डच्या मागे पासष्ट अंश ही काही मोठी गोष्ट नाही.

आउटपुट ट्रान्झिस्टरच्या एमिटरला अर्ध्या-एक ओहमचा जाड रेझिस्टन्स असतो. त्याच्यावर व्होल्टेज मोजा. अर्ध्या ओहमवर ०.४ व्होल्ट म्हणजे ०.८ अँपिअर. सेट अर्धा तास चालू द्या आणि मीटर तसंच लावून ठेवा. आकडा थोडा चढून थांबला तर ठीक. चढतच राहिला तर सप्लाय काढा. ट्रान्झिस्टर उतरवा, अभ्रकाखालची वाळून खडूसारखी झालेली पांढरी पेस्ट स्पिरिटने पुसा, नवी पातळ लावा, स्क्रू घट्ट करा. जवळचा थर्मिस्टर तुटलेला नाही ना पाहा. मगच बायसचा, म्हणजे ट्रान्झिस्टरचा मूळ करंट ठरवणारा, प्रीसेट फिरवा, तोही सेट गरम असताना. थंड सेटवर लावलेला बायस दुपारी तुम्हाला उघडा पाडतो.

कोणता भाग तापून बिघडतो ते शोधायला केस वाळवायचा ड्रायर आणि स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस पुरतो. तापवायचं, आवाज फाटला की एकेका ट्रान्झिस्टरला कापूस लावायचा. ज्याच्या थंडाव्याने आवाज सुधारला तो चोर. कंडेन्सर बदलताना ८५ अंशांचे स्वस्तात मिळतात ते घेऊ नका, १०५ अंशांचे घ्या. बर्डीवरच्या मोदीच्या गल्ल्यांत विचारलं तर मिळतात. आणि प्लस-अर्थच्या सेटमध्ये कंडेन्सरचा प्लस पेटीच्या बाजूला जातो. जुना काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

कोर फिरवू नका

हा दुसरा नियम. आवाज कमी आहे म्हणून आयएफटीच्या डब्यांतले कोर फिरवायचे, ही आपल्याकडची जुनी खोड. कंपनीतून निघाल्यावर ते कोर आपोआप फिरत नाहीत. आवाज कमी झाला तो कंडेन्सरने, ट्रान्झिस्टरने किंवा एरियलने. लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर घातला की फेराइटचा कोर चिरतो आणि डबीतच अडकतो; मग डबीच बदलावी लागते. फिरवायचेच असतील, म्हणजे आधी कोणीतरी फिरवून ठेवलेले असतील, तर प्लास्टिकची विणकामाची सुई कानशीने घासून पाती करा आणि सिग्नल जनरेटर असलेल्या माणसाकडे बसून करा.

ट्यूनिंगचं मात्र घरी जमतं. गाडीच्या सेटमध्ये सहसा गँग, म्हणजे फिरत्या पत्र्यांचा ट्यूनिंग कंडेन्सर, नसते. बटण फिरवलं की कॉइलमध्ये फेराइटच्या कांड्या आत-बाहेर होतात, म्हणजे खड्ड्यांत हादरे बसले तरी स्टेशन हलत नाही. त्या कांड्या सरकवणाऱ्या घोडीवरचं जुनं ग्रीस डिंकासारखं घट्ट होतं आणि काटा अडखळतो. जुनं पूर्ण पुसा, नवं अगदी थोडं लावा, कॉइलवर सांडू देऊ नका. बटणांचे सेट असतील तर स्टेशन लावा, बटण बाहेर ओढा आणि आत दाबा, झालं पक्कं.

काटा आकड्यांवर बसवायला नागपूरकरांची चांगली सोय होती. खालच्या टोकाला १९४८ पासूनची आकाशवाणी नागपूर ५८५ वर, आणि १९८८ मध्ये राष्ट्रीय चॅनेल इथूनच १५६६ वर हजार किलोवॉटने सुरू झालं तेव्हा वरचं टोकही मिळालं. खालच्या टोकाला कांडी, वरच्या टोकाला ट्रिमर (छोटा फिरवता कंडेन्सर), पुन्हा खाली, पुन्हा वर, दोन्ही जागी बसेपर्यंत. ते चॅनेल पुढे बंद झालं, म्हणून वरच्या टोकाला आता रात्री लागेल ते ओळखीचं स्टेशन घ्या, पद्धत तीच.

व्हॉल्यूम खरखरत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बटण पूर्ण फिरवत राहा. पेट्रोल नको, कार्बनची पट्टी सुटते. कॅसेटवाले सेट असतील तर आतला बेल्ट वितळून डांबर झालेला असतो. स्पिरिटने पुसा, नवा बेल्ट घाला, त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

ब्लूटूथवाल्यांसाठी

तरुण मुलं जुनी गाडी घेतात आणि म्हणतात, "काकू, आतलं सगळं काढून ब्लूटूथ बसवून द्या, वरून जुनाच दिसला पाहिजे." मी काढत नाही. त्याऐवजी छोटा ब्लूटूथचा बोर्ड घ्या, डावा-उजवा आवाज एकेक किलोओहमच्या रेझिस्टन्समधून एकत्र करा, दहा मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून व्हॉल्यूम कंट्रोलच्या वरच्या टॅगला द्या आणि रेडिओचा आवाज तिथे एका छोट्या स्विचने तोडा. कुठेही काही कापावं लागत नाही, उद्या काढलं तर सेट होता तसा. प्लस-अर्थच्या गाडीत बोर्डला सप्लाय गाडीतून सरळ देऊ नका, बोर्डचा मायनस आणि सेटचा अर्थ वेगवेगळ्या टोकांना असतात आणि धूर निघतो. तिथे बोर्ड वेगळ्या बॅटरीवर चालवा.

सेट परत बसवताना मागची आधाराची पट्टी विसरू नका. नुसत्या पुढच्या दोन नटांवर लटकलेला सेट खड्ड्यांत हलतो आणि प्रिंटच्या (सर्किट-बोर्डच्या) कडेचे सोल्डरचे डाग सुटतात. वायरी वायपरच्या लिंकपासून दूर बांधा. शेवटी एरियल पूर्ण वर काढा, १४०० च्या आसपास एखादं क्षीण स्टेशन शोधा आणि एरियलच्या भोकाशेजारचा छोटा ट्रिमर आवाज सर्वात मोठा होईल तिथे आणून ठेवा. हे काम टेबलावर करून उपयोग नाही, गाडीचा स्वतःचा एरियल जोडूनच करायचं. ट्रिमरच्या भोकावरची रबरी टोपी हरवली असेल तर चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि कोणत्या बाजूला किती फिरवलं ते पेटीवर पेन्सिलने लिहून ठेवा.